गोलातला आठ

माझ्या मावशीने आयुष्यात एकदाच कुणावर सूड उगवला, आणि तो पुरता उगवला. अर्धवट काम तिला कधी जमलंच नाही.

चोवीस वर्षं ती बुटांच्या गोदामात स्टोअरकीपर होती. मालकांची एकोणीस दुकानं, आणि सगळ्यांना माल जायचा तो या एका गोदामातून. पत्र्याचं उंच छप्पर, छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक, आणि पुठ्ठ्याचा, डिंकाचा, नव्या चामड्याचा मिळून एक वास, जो मावशीच्या केसांतून सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. मी सात नंबरच्या दुकानात विक्रीला लागले ती तिच्याच शब्दावर. फोनवर मी तिला मावशी म्हणायचे, म्हणून हळूहळू एकोणीसही दुकानं म्हणू लागली. दारावरचा जमादार तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पण तोही मावशीच म्हणायचा.

ती उंचीला बेताची आणि शब्दाला जड. दुकानातून फोन करून विचारायचं, "मावशी, तपकिरी सॅंडल, सहा नंबर आहे का?" की ती जागची न हलता सांगायची, "दोन जोड आहेत. एकाचं बक्कल सैल आहे, तो नको नेऊस." तिच्याकडे लांब आडव्या वह्या होत्या. त्यांत प्रत्येक मालाची आवक-जावक तिच्या ठसठशीत अक्षरात असायची.

त्या वह्यांतली एक खूण इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. बुटांचे नंबर लहान मुलांसाठी तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून मोठ्यांचे सुरू होतात. म्हणजे आठ नंबर दोन. एक नुकत्या शाळेत जायला लागलेल्या पोराचा, आणि दुसरा त्याच्या बापाचा. शाळेच्या काळ्या बुटाच्या खोक्यावर कारखाना नुसता आठ छापायचा. मावशी लहान आठाभोवती वहीत एक गोल काढायची. सात ते अकरा, पाचही नंबरांना गोल. कारखान्याला मागणी पाठवायच्या आधी ती कागदावर बसून हे गोल पुरे करायची, आणि मगच कागद पुढे जायचा.

मग मालकांनी यंत्रणा आणली. खोक्यावरच्या बारकोडच्या पट्ट्या वाचणारी हातातली बंदूक, दुकानादुकानात पडदे, आणि एक प्रोग्राम, जो विक्री बघून आपणहूनच कारखान्याला मागणी धाडणार. हे सगळं बसवायला आणि चालवायला एक नवे साहेब आले. वय पस्तीस-छत्तीस, शर्टाला कडक इस्त्री, हातात कायम टॅबलेट. हमालांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं बारसं करून टाकलं: गोळीसाहेब.

लोकांना वाटायचं मावशीला यंत्राचा राग आला. तसं नव्हतं. बंदूक तिला आवडली होती. "वरच्या रॅकवरचे नंबर वाचायला आता शिडी नको," असं तिने मला कौतुकाने सांगितलं होतं. पण वह्या जेव्हा यंत्रात भरल्या गेल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की टायपिंग करणाऱ्यांनी गोल गाळले आहेत. दोन आठांचा एकच आठ झालाय. ती जाऊन साहेबांना म्हणाली, "हे दोन वेगळे आहेत. आत्ताच वेगळे करा, नाहीतर सीझनला गोंधळ होईल." साहेब म्हणाले, बघू. पंधरा दिवसांनी बैठकीत तिने पुन्हा विषय काढला. तेव्हा ते सगळ्यांकडे बघत म्हणाले, "बाई, सिस्टीमला गोल-बिल कळत नाहीत. सिस्टीमला आकडे कळतात." लोक हसले. मावशी बसली, आणि तिने हा विषय तिथेच मिटवला.

त्यानंतर पहिली मोजणी झाली. चार दिवस बंदुका टिटटिट करत होत्या. पट्ट्या यायच्या आधीच्या काळातला काही माल होता, चांगला धड माल, पण त्याच्या खोक्यांवर मावशीच्या हाताची चिठ्ठी. बंदुकीला ती वाचता येईना. साहेबांनी ती खोकी बाजूला काढून जुन्या पॅकिंगच्या खोलीत लावायला सांगितली: नंतर बघू. नंतर ते विसरले. आणि यंत्राने हिशेब काढला की वहीपेक्षा अकराशे चाळीस जोड कमी आहेत.

मावशीने त्या खोलीचं नाव घेतलं. पण तोवर साहेबांनी मालकांना अहवाल पाठवून दिला होता, आणि पाठवलेला अहवाल मागे घेणं हे काही लोकांना दात काढून देण्याहून अवघड जातं. "ती खोकी धरूनच आकडा आहे," असं त्यांनी सरळ सांगितलं. मालक तेव्हा आजारपणातून उठत होते, दूर मुलीकडे होते. त्यांनी कागद वाचला आणि सही केली.

त्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटताना साहेब स्वतः दारावर उभे राहिले. रांगेत साठ-सत्तर माणसं. बाकीच्यांना नुसतं जाऊ देत होते. मावशी आली तशी ते म्हणाले, "बाई, बॅग."

जमादार म्हणाला, "साहेब, मावशींची बॅग आम्ही कधी..."

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

बॅग टेबलावर उलटी केली. रिकामा डबा, छत्री, चष्म्याचं घर, गुडघ्याला लावायचं मलम, एक आतला कपडा, जो ती पत्र्याखाली घाम येतो म्हणून जास्तीचा बरोबर ठेवायची. तो साहेबांनी पेनाच्या टोकाने बाजूला केला. डब्याचं झाकण सैल झालं होतं म्हणून ती त्याला बुटाची एक काळी नाडी बांधायची. गोदामात झाडताना सापडलेली, एकटी, टोक उसवलेली. साहेबांनी ती उचलून धरली.

"ही कुठली?"

"खाली पडलेली होती."

"पावती आहे?"

मावशीने सामान एकेक करून बॅगेत भरलं. नाडी टेबलावरच राहू दिली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पत्र आलं: मालाची अफरातफर, सेवा समाप्त.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिंपी. घरातल्या पुढच्या खोलीतच मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. अत्यंत शांत माणूस; सुई टोचली तरी आधी कापडाला रक्त लागलं का बघणार. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चोराच्या उलट्या बोंबा असतात हे ऐकलं होतं. हा तर चोरही नाही, नुसता गाढव आहे."

"गाढव असता तर मी सोडला असता," मावशी म्हणाली. "गाढव पेनाने कपडे बाजूला करत नाही."

ती घरी बसून काकांच्या शर्टांना काजं करू लागली. बोलणं आधीच कमी, ते आणखी आटलं. मी सुट्टीला जायचे तेव्हा ती खिडकीशी, तोंडात दोरा, आणि सुई अशी खुपसायची की वाटावं कापडाखाली कुणीतरी आहे.

तीन आठवड्यांनी जमादार आला. दाराबाहेर जिन्यावरच उभा राहून टोपी हातात घेऊन बोलला. जुन्या पॅकिंगच्या खोलीतली खोकी साहेबांना आठवली होती. उघडून पाहिली, मोजली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता पुन्हा मालकांना सांगायचं म्हणजे आपणच खोटे ठरणार. मग त्यांनी तो सगळा माल 'खराब' म्हणून लिहून दोन टेंपोंत भंगारवाल्याला देऊन टाकला. स्वतः काही खाल्लं नव्हतं. त्यांना फक्त तो माल डोळ्यांआड व्हायला हवा होता. पण दारातून जे जाईल ते मोजून वहीत लिहायचं हे जमादाराचं काम. त्याने लिहिलं होतं.

"किती?" मावशीने विचारलं.

"एकात सहाशे. दुसऱ्यात पाचशे चाळीस."

काका मशीन थांबवून म्हणाले, "चल. मी येतो बरोबर. आजच मालकांना गाठू."

मावशीने दोरा दाताने तोडला. "आज गेले तर तो सॉरी म्हणेल. गडबडीत झालं म्हणेल. मालक दुसरं पत्र देतील, आणि सगळे चहा पितील. मला सॉरी नको." मग जमादाराला म्हणाली, "ती वही जपून ठेव. संपली तरी फेकू नकोस. आणि कुणाला काही बोलू नकोस."

"कधीपर्यंत?"

"शाळा उघडेपर्यंत."

शाळेला तेव्हा सहा महिने होते. काकांनी मला नंतर सांगितलं, की त्यांना त्या दिवशी बायकोची पहिल्यांदा भीती वाटली. ती रागावलेली असती तर त्यांनी समजूत काढली असती, पण ती दिवस मोजत होती.

मोजण्यासारखं होतंच. शाळेच्या बुटांची मागणी चार महिने आधी कारखान्याला जाते. कारखाना मग दुसरा माल घेतो. मध्येच मागितलं तर दीड महिना थांबा म्हणतो. आणि आता मागणीचा कागद कुणाच्या हाताखालून जाणार नव्हता. यंत्राने दोन्ही आठांची मागच्या वर्षीची विक्री एकत्र केली होती, आणि त्याच्या लेखी जो एकच आठ उरला होता तो लहानाचा होता. सगळी मागणी त्या नावावर जाणार होती. मावशीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिने स्वतःच तर सांगितलं होतं, दोनदा.

मागणी गेल्यानंतरच्या महिन्यापासून ती दर मंगळवारी बसने गोदामाच्या रस्त्याला जायची. समोर औषधांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर बसायची. दुकानदाराला वाटे बाईंना दम लागतो. तो पाणी द्यायचा. मावशीची नजर समोर उतरणाऱ्या मालावर. मोठ्यांच्या बुटांचा पेटारा गुडघ्याच्या वर येतो, लहानांचा खाली राहतो. हमाल लहान पेटारे दोन-दोन एकदम उचलतात. शाळेचा माल आला त्या मंगळवारी हमालांनी दोन-दोन उचलले. पुढच्या मंगळवारीही. त्याच्या पुढच्याही. काका सांगतात, त्या दिवशी ती घरी आली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

मग शाळा उघडायचे दिवस आले, आणि त्याची झळ मला बसली.

सात नंबरच्या दुकानात सकाळी शटर वर जायच्या आधी रांग लागायची. चौदा वर्षांचा मुलगा आईबरोबर यायचा. मी पडद्यावर बघायचे: आठ नंबर, दोनशे दहा जोड. आत जायचे, खोकं उघडायचे, आणि आतून निघायचा माझ्या तळहाताएवढा बूट. दुसरं खोकं, तेच. दहावं, तेच. नऊ, दहा, सगळे तसेच. बाहेर येऊन सांगायचे की नाही. आई पडद्याकडे बोट करायची: "इथे दोनशे लिहिलंय, मग आम्हाला का नाही?" एका बापाने तो चिमुकला बूट माझ्या दिशेने फेकला. लागला नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात आमची गिऱ्हाइकं आमच्याच डोळ्यांदेखत शिरत होती.

साहेबांचा फोन यायचा: सिस्टीमला माल आहे, मग तुम्ही विकत का नाही? बूट लहान निघतात म्हटलं, की म्हणायचे, नीट शोधा. त्यांना खरंच कळत नव्हतं. पडद्यावर आकडा होता, आणि आकड्यावर त्यांचा देवाइतका विश्वास.

आठव्या दिवशी मी दुपारची सुट्टी टाकून मावशीकडे गेले.

"मावशी, तुला माहीत आहे ना काय झालंय ते?"

"माहीत आहे."

"मग सांग की. आत्ता सांगितलंस तर दुसऱ्या शहरातून तरी माल उचलता येईल."

"मी सांगितलं होतं. तेव्हा लोक हसले."

"आम्ही नव्हतो हसलो. रोज शिव्या खातोय त्या आम्ही. ते तर काचेच्या खोलीत बसलेत."

तिने काजाचं काम खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझी बॅग कुणी टेबलावर उलटी केली का?"

"नाही."

"मग थोड्या शिव्या खा."

मी चपला घालून निघाले. काका जिन्यापर्यंत सोडायला आले. पुढच्याच आठवड्यात विक्री पडली म्हणून प्रत्येक दुकानातून एकेक माणूस कमी केलं. आमच्याकडून गेली ती माझ्या शेजारच्या काउंटरवरची, माझी मैत्रीण. नऊ वर्षं आम्ही एका बाकावर डबा खाल्ला होता. मी मावशीला फोन करून एवढंच सांगितलं, आणि ठेवून दिला. त्यानंतर चार महिने मी तिच्याशी बोलले नाही. पुढचं जे सांगते ते काका, जमादार आणि गोदामातल्या माणसांकडून तुकड्या-तुकड्याने कळलेलं.

सीझन हातचा गेल्यावर मालक स्वतः आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीन जिने चढून. त्यांनी सगळे अहवाल वाचले होते आणि एकातही उत्तर नव्हतं. मावशीने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हातातलं काज पूर्ण होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने दोन वाक्यांत सांगितलं. आठ दोन असतात. यंत्रात एकच आहे.

मालक डोकं धरून बसले. त्यांनी स्वतः रस्त्याकडेला बूट दुरुस्त करण्यापासून धंदा सुरू केला होता. त्यांना हे कुणी समजावून सांगायला नको होतं. मग म्हणाले, "तुम्ही आधी का नाही आलात?"

"मला चोर म्हणून घालवलं होतं. चोर मालकाच्या घरी जात नाही."

मग तिने जमादाराला बोलावून घेतलं. त्याने दाराची वही आणली. सहाशे, पाचशे चाळीस, तारखा, टेंपोचे नंबर, खाली साहेबांची सही. मालकांनी बोटाने बेरीज केली. तीच बेरीज त्यांनी स्वतः सही केलेल्या पत्रात होती.

"उद्याच काढतो त्याला," ते म्हणाले.

"काढू नका," मावशी म्हणाली.

काकांच्या पायाखालचं मशीनचं पायडल थांबलं.

"सगळं गोदाम हातांनी मोजून घ्या. बंदूक नको. प्रत्येक खोकं उघडायचं, आतला बूट बघायचा, मोठ्याने सांगायचं. ते उघडतील, मी लिहीन. आणि मोजणी संपेपर्यंत रोज संध्याकाळी दारावर त्यांची बॅग टेबलावर. सगळ्यांसमोर."

"एवढं?" मालक म्हणाले.

"एवढंच."

मालकांनी साहेबांसमोर दोन गोष्टी ठेवल्या: ही मोजणी, नाहीतर धड माल भंगारात घातल्याची पोलिसांत तक्रार. साहेबांना घर होतं, संसार होता. त्यांनी मोजणी पत्करली.

एकतीस हजार खोकी होती. सतरा दिवस लागले. पत्र्याखाली भट्टीसारखं तापायचं. मावशी एका स्टुलावर, मांडीवर आडवी वही. साहेब आधी उभ्याने, मग उकिडवे, मग गुडघ्यांवर. पहिल्या दिवशी ते खोक्याच्या बाहेरचं वाचून सांगू लागले, "आठ, लहान."

"उघडा."

"बाहेर दिसतंय ना, छोटं खोकं आहे."

"बाहेरचं यंत्राला चालतं. मला बूट दाखवा."

त्यांनी उघडलं, कागद बाजूला केला, बूट दाखवला. तिने लिहिलं. "पुढचं."

दिवसाला अठराशे वेळा हे झालं. तिने कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही. हमाल सुरुवातीला मजा बघायला मुद्दाम त्या गल्लीतून जायचे. गोळीसाहेबांना आता खरी गोळी लागेल, डोकेदुखीची, असं म्हणून हसायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वळसा घालून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले. पुठ्ठ्याच्या धारेने साहेबांची बोटं कापली, त्यांनी पट्ट्या लावल्या. शर्टाची इस्त्री गेली. मावशी पाणी प्यायला थांबायची तेव्हा त्यांनाही थांबू द्यायची, अगदी तेवढाच वेळ.

आणि रोज संध्याकाळी बॅग. जमादार ती उलटी करायचा: टॅबलेट, रुमाल, पाण्याची बाटली, दुसरीकडे नोकरीसाठी केलेला अर्ज. तो सगळ्यांनी वाचला. मावशी रांग सोडून टेबलाशी उभी असायची.

अकराव्या दिवशी बॅगेतून लहान मुलीचा बूट पडला. एकच. लाल, पट्ट्याचा, तळ अर्धा उकललेला.

बुटांच्या गोदामाच्या दारात, साहेबांच्या बॅगेत, एकटा बूट.

"माझ्या मुलीचा आहे," साहेब म्हणाले. "तळ निघालाय. समोर शिवायला टाकणार होतो."

सगळ्यांना दिसत होतं की तो जुना आहे, घातलेला आहे, आतला कापडी तळ बोटांच्या जागी काळा पडलाय. मावशीने तो उचलला. उलटा केला. आपल्या मालाचा नाही हे तिला बघताक्षणी कळलं असणार. तिला चोवीस वर्षांत या बाबतीत कुणी फसवलं नव्हतं.

"पावती आहे?" तिने विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मागे सत्तर माणसं उभी होती आणि कोपऱ्यावर बस लागली होती. ती बस सुटेपर्यंत मावशीने तो बूट हातात धरून ठेवला. मग टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घेऊन जा."

जमादार मला म्हणाला, "मी तिच्या बाजूचा माणूस. वही मीच जपली. पण त्या दिवशी मला वाटलं, टेबल उचलून बाहेर फेकावं." त्यानंतर आठवडाभर तो तिच्याबरोबर चहाला बसला नाही. तिने त्याचं कारण विचारलं नाही.

सतराव्या दिवशी दुपारी शेवटच्या रॅकचा शेवटचा खण उरला. साहेबांनी तळाचं खोकं उघडलं, बूट दाखवला, आणि गुडघ्यांवर बसल्या जागीच म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. त्या दिवशी मी तसं करायला नको होतं."

त्यांनी तिला आधी कधी मावशी म्हटलं नव्हतं.

तिने आकडा लिहिला. "पुढचं खोकं," ती म्हणाली.

"संपली."

"मग उठा."

बेरीज झाली. मधल्या महिन्यांची यंत्रातली आवक-जावक आणि भंगारात गेलेलं धरून तिच्या वहीशी ताळा घातला तर तीन जोडांचा फरक निघाला. तीन जोड जास्त. हे तिला फार लागलं. चोवीस वर्षांत तीन जोड कुठे लिहायचे राहिले, हे ती नंतर दोन महिने शोधत होती.

साहेब त्याच आठवड्यात गेले, सामानासकट, दुसऱ्या शहरात. मालकांनी मावशीवरचा आरोप मागे घेतल्याचं पत्र दारावर लावलं; तिने ते महिनाभर काढू दिलं नाही. ती पुन्हा कामावर बसली. प्रोग्रामच्या कंपनीची एक मुलगी आली, तिच्याशेजारी चार दिवस बसली, आणि लहान नंबरांपुढे एक अक्षर जोडून मोकळी झाली. चार दिवसांतले साडेतीन गप्पांत गेले. काम अर्ध्या दिवसाचं होतं. पुढच्या वर्षी शाळेचे बूट सगळ्या दुकानांत सगळ्या नंबरांत होते, आणि यंत्राने मागणी इतकी नेमकी धाडली की मावशीला कागदावर एकही खूण करावी लागली नाही. "हुशार आहे," ती यंत्राबद्दल म्हणाली. "त्याचं आणि माझं कधी भांडण नव्हतंच."

त्या फोननंतर चार महिन्यांनी मीच गेले होते तिच्याकडे. काकांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरचा उसवलेला टाका बघू लागले. मावशी आत होती. मी तिला विचारलं, की त्या बुटाचं तुला काही वाटतं का, त्या मुलीचा होता तो.

ती विचार करून म्हणाली, "बसमध्ये वाटलं होतं. घरी येईपर्यंत गेलं."

मग तिने माझ्या मैत्रिणीचं विचारलं. मालकांशी तिचं बोलणं झालं होतं, जागा होती, तिने परत यावं. मी म्हटलं, तू स्वतः सांग. ती म्हणाली, सांगते.

आम्ही दोघी गेलो. चौथ्या मजल्यावर, अरुंद जिना, दारासमोर धुतलेले कपडे. मैत्रिणीने दार अर्धं उघडलं. मावशीने सगळं नीट सांगितलं: जागा आहे, पहिली नऊ वर्षं धरतील, उद्यापासून ये. मैत्रिणीने ऐकून घेतलं.

"माल का नव्हता हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो," मावशी म्हणाली.

मैत्रिणीने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी पुन्हा वाजवायला हात पुढे केला, तर मावशीने तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तिचं बरोबर आहे. मीही उघडलं नसतं."

कठड्याला धरून, गुडघा सांभाळत ती जिना उतरू लागली, आणि मी तिच्यामागून.